हायड्रोजन गेल्यावर मागे काय उरतं?

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. वहीचा वाकडातिकडा फोटो, त्यात व्हिटॅमिन सी ची रचना, आणि खाली "मावशी, यातला सगळ्यात अ‍ॅसिडिक हायड्रोजन कुठला? चारही ओएच आहेत, मग चारही सारखेच नाहीत का? उद्या सबमिशन आहे." मी आधी नुसतं "सी-३ वरचा" (तिसऱ्या कार्बनला जोडलेल्या ओएचचा, ओएच म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असं लिहून पाठवलं, मग वाटलं हे काही उत्तर नाही, नुसतं उत्तर पाठवलं तर ती पुढच्या प्रश्नाला पुन्हा मेसेज करणार, म्हणून टाइप करायला बसले ते एक वाजून गेला. तेच सगळं जरा नीट करून इथे टाकतेय.

पहिली गोष्ट, हा प्रश्न ज्या शब्दात विचारतात ना त्यातच घोळ आहे. "कुठला हायड्रोजन जास्त अ‍ॅसिडिक" म्हटलं की असं वाटतं की हायड्रोजन हायड्रोजनमध्ये काहीतरी फरक आहे, एक तिखट आणि एक मवाळ. तसं काही नसतं. सगळे हायड्रोजन सारखेच, एक प्रोटॉन एक इलेक्ट्रॉन. आणि अ‍ॅसिड म्हणून जाताना तर तो इलेक्ट्रॉनसुद्धा मागे ठेवून जातो, म्हणजे जाणारा नुसता प्रोटॉन, मग तो व्हिनेगरमधून निघालेला असो नाहीतर मिथेनमधून ओढून काढलेला. ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी १९२३ साली वेगवेगळं बसून जी व्याख्या दिली, की अ‍ॅसिड म्हणजे प्रोटॉन देणारा आणि बेस म्हणजे घेणारा, तिच्यात हे सगळं आलंच आहे. मग फरक कुठे पडतो? तर तो गेल्यावर जो मागे राहतो त्याच्यात. त्याच्या गळ्यात एक जास्तीची इलेक्ट्रॉनची जोडी आणि निगेटिव्ह चार्ज पडलेला असतो, आणि तो त्याला पेलवतो की नाही एवढाच काय तो प्रश्न. पेलवत असेल तर हायड्रोजन सहज निघतो, नसेल पेलवत तर निघतच नाही. म्हणून मी तिला पहिलंच वाक्य लिहिलं की हायड्रोजनकडे बघूच नकोस, तो खोडून टाक, मागे मायनस लिही आणि त्या उरलेल्या आयनकडे (चार्ज असलेल्या कणाकडे) बघ.

हे मोजायचं माप म्हणजे पीकेए. आकडा जितका लहान तितकं अ‍ॅसिड स्ट्राँग, हे उलटं आहे हे डोक्यात बसायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. आणि ही लॉगची पट्टी आहे, एक युनिट म्हणजे दहा पट. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड (व्हिनेगरमधलं) ४.७६, फिनॉल (रिंगवर ओएच असलेलं) १०, इथेनॉल (साधं अल्कोहोल) १६, अ‍ॅसिटोनचा सीएच (कार्बनवरचा हायड्रोजन) १९-२०, अ‍ॅसिटिलीन २५, अमोनिया ३८, इथिलीन ४४, मिथेन ५० च्या आसपास. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि इथेनॉल दोघांच्यातही ओएच आहे, पण फरक अकरा युनिटचा, म्हणजे एकावर अकरा शून्यं इतक्या पटीचा! "दोन्ही ओएचच आहेत, मग सारखेच" याचं उत्तर खरं तर इथेच मिळतं.

पाण्याचा पीकेए काही ठिकाणी १५.७ दिसेल आणि काही ठिकाणी १४. दोन्हीवरून लोक हिरीरीने भांडतात. १५.७ हा पाण्याच्या स्वतःच्या ५५.५ मोलर कॉन्सन्ट्रेशनने भागून येतो, ऑरगॅनिकवाल्यांना तो सोयीचा कारण मग पाणी मिथेनॉलच्या (१५.५) शेजारी बसतं, आणि थर्मोडायनामिक्सवाले म्हणतात हे भागणंच चुकीचं, १४ घ्या. मी इथे १५.७ घेतेय, सवयीने.

आणि वीसच्या पुढचे आकडे फार पवित्र मानू नका. पाण्यात ते मोजताच येत नाहीत, कारण हायड्रॉक्साइडपेक्षा (म्हणजे पाण्याने प्रोटॉन दिल्यावर जे उरतं त्यापेक्षा) स्ट्राँग बेस पाण्यात टाकला की तो पाण्याचाच प्रोटॉन ओढून स्वतः संपतो. मिथेनचा ५० हा दुसऱ्या सॉल्व्हंटमधून (विरघळवणाऱ्या द्रवातून) आणि हिशोबातून अंदाजाने काढलेला आकडा आहे. क्रम लावायला बरा, दशांश चिन्हानंतरचं काही विचारू नका.

आता मागे राहिलेल्या आयनला चार्ज कशामुळे पेलवतो. पहिलं कारण, चार्ज कुठल्या अणूवर आहे. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन या ओळीत डावीकडून उजवीकडे जा, मिथेन ५०, अमोनिया ३८, पाणी १५.७, एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) ३.२. इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी वाढत जाते, इलेक्ट्रॉन धरून ठेवायची हौस वाढत जाते, सरळ आहे. पण तेच पिरिऑडिक टेबलमध्ये वरून खाली उतरायला लागलं की एचएफ ३.२, एचसीएल उणे ७ च्या आसपास, एचबीआर उणे ९, एचआय (हायड्रोजन आयोडाइड) उणे १०. इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी कमी होतेय आणि अ‍ॅसिडिटी वाढतेय! मी बारावीत हे दोन वेगवेगळे नियम म्हणून पाठ केले होते आणि पेपरात अर्थातच अदलाबदल करून एचएफ सगळ्यात स्ट्राँग असं ठोकून दिलं होतं. खरं तर नियम दोन नाहीतच, प्रश्न एकच, चार्ज पेलवतो का आणि प्रोटॉन सोडायला किती खर्च येतो. आयोडाइड केवढा मोठा आहे, तोच एक मायनस चार्ज त्याच्यावर लांबरुंद पसरतो, शिवाय एचएफचा बॉन्ड तोडायला मोलमागे ५६५ किलोज्यूलच्या वर लागतात आणि एचआयचा साधारण २९८ मध्ये तुटतो. म्हणूनच इथेनॉलमधला ऑक्सिजन काढून सल्फर बसवला, म्हणजे इथेनथायॉल केलं, की १६ चा १०.६ होतो. ऑक्सिजन जास्त इलेक्ट्रोनेगेटिव्ह असूनसुद्धा.

(एचएफ काच खातो म्हणजे तो जबरदस्त अ‍ॅसिड असणार, हा अजून एक गैरसमज. काच तो अ‍ॅसिडपणामुळे खात नाही, फ्लोरिनला सिलिकॉन फार आवडतो म्हणून खातो. याच्या उलट कार्बोरेन अ‍ॅसिड नावाची मंडळी आहेत, सल्फ्युरिकपेक्षा निदान दहा लाख पट स्ट्राँग, पण त्यांचा आयन इतका शांत आणि निरिच्छ की तो समोरच्याला काही करतच नाही. स्ट्राँग आणि जहाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

दुसरं कारण, चार्ज एकाच्याच डोक्यावर आहे की वाटून घेतलाय, म्हणजे रेझोनन्स. सायक्लोहेक्झनॉल १६, फिनॉल १०, फरक फक्त एवढाच की फिनॉलमध्ये ऑक्सिजनवरचा चार्ज शेजारच्या रिंगमध्ये जाऊन येऊ शकतो. अ‍ॅसिटेटमध्ये तर तो दोन ऑक्सिजनमध्ये अर्धा अर्धा होतो, तिथे कुणाचीच कुरकुर नाही. पण इथे मुलं एक चूक हमखास करतात, रिंग दिसली की "रेझोनन्स आहे" लिहून मोकळे होतात. बाण (इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते दाखवणारे) काढून बघा ना बाबा, चार्ज नक्की पोचतो कुठे! नायट्रोफिनॉल घ्या. नायट्रो ग्रुप (नायट्रोजनवर दोन ऑक्सिजन) पॅरा जागी, म्हणजे रिंगमध्ये ओएचच्या बरोबर समोर असेल तर ७.१५, मेटा जागी, म्हणजे एक कार्बन सोडून असेल तर ८.४. ग्रुप तोच, रिंग तीच. पॅरामध्ये चार्ज सरकत सरकत थेट नायट्रोच्या ऑक्सिजनपर्यंत पोचतो, मेटामध्ये तो नायट्रो ज्या कार्बनवर बसलाय त्याच्या अलीकडे आणि पलीकडे पडतो, त्या कार्बनवर कधीच येत नाही, मग नायट्रोला नुसतं लांबून ओढण्यापलीकडे काही करता येत नाही. तीन नायट्रो घातले, दोन ऑर्थो (ओएचच्या लगतच्या कार्बनवर) आणि एक पॅरा, की झालं पिक्रिक अ‍ॅसिड, ०.४ च्या आसपास. म्हणजे नावाला फिनॉल, पण अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडला कुठच्या कुठे मागे टाकतं.

यावरून बायकार्बोनेट टेस्ट आठवली. लॅबमध्ये सांगतात की सोडियम बायकार्बोनेट टाकल्यावर फसफसलं तर कार्बॉक्झिलिक अ‍ॅसिड (व्हिनेगरसारखं, एकाच कार्बनवर डबल बॉन्डचा ऑक्सिजन आणि ओएच असलेलं), नाही फसफसलं तर फिनॉल. का, ते कुणी सांगत नाही. बायकार्बोनेटला प्रोटॉन मिळाला की कार्बोनिक अ‍ॅसिड होतं, त्याचा पीकेए ६.३५, आणि ते फुटून कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तुमचं अ‍ॅसिड ६.३५ पेक्षा चांगलं खाली असेल तरच फसफसणार. साधं फिनॉल १० वर, ते गप्प बसतं. पिक्रिक अ‍ॅसिड मात्र फिनॉल असून फसफसतं. टेस्ट ग्रुप ओळखत नाही हो, ती फक्त आकडा ओळखते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, कार्बनवरचे हायड्रोजन. सीएच म्हणजे मेलेला, तो कधी निघणारच नाही, असं पहिल्या वर्षाला डोक्यात बसलेलं असतं. आणि मिथेन बघून बसणारच. पण शेजारी एक कार्बोनिल (डबल बॉन्डने ऑक्सिजन लावलेला कार्बन) आला की ५० चा २० होतो, अ‍ॅसिटोन. दोन कार्बोनिलच्या मध्ये सापडला तर ९, अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन, म्हणजे फिनॉलच्याही खाली. नायट्रोमिथेन १०.२. म्हणजे इथेनॉलच्या ओएचपेक्षा नायट्रोमिथेनचा सीएच लाखो पट अ‍ॅसिडिक, "ओएच दिसला की तोच" हा शॉर्टकट इथे सपशेल आपटतो.

यातला कळस म्हणजे मेल्ड्रम्स अ‍ॅसिड. १९०८ साली अँड्र्यू मेल्ड्रम यांनी मॅलोनिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिटोनपासून एक पदार्थ बनवला, तो इतका अ‍ॅसिडिक निघाला की त्यांनी साहजिकच रचनेत एक कार्बॉक्झिलिक अ‍ॅसिड काढलं. का नाही काढणार, पाण्यात पीकेए ४.८, अगदी अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या शेजारी. तब्बल चाळीस वर्षं ती चुकीची रचना चालली, १९४८ मध्ये खरी रचना पुढे आली आणि कळलं की त्याच्यात कार्बॉक्झिल नाहीच, ओएच सुद्धा नाही! दोन एस्टर (कार्बॉक्झिलच्या ओएचमधल्या हायड्रोजनच्या जागी कार्बन) असलेली एक रिंग आहे आणि जो प्रोटॉन जातोय तो दोन कार्बोनिलच्या मधल्या कार्बनवरचा. आता गंमत बघा, साधं रिंग नसलेलं डायमिथाइल मॅलोनेट, तेच दोन एस्टर, तोच मधला सीएच-टू, ते डीएमएसओ सॉल्व्हंटमध्ये मोजलं तर १५.९ आणि मेल्ड्रम्स ७.३. साडेआठ युनिटचा फरक फक्त रिंगमुळे. रिंगमध्ये ते एस्टर अशा अवघडलेल्या तोंडाने बांधले जातात की मोकळ्या एस्टरला ती पोझ कधी आवडली नसती, प्रोटॉन गेल्यावर तो अवघडलेपणा कमी होतो. म्हणजे मी मघाशी जे म्हणाले की मागे उरलेल्याकडे बघा, त्यात एक पुरवणी जोडायला हवी, निघायच्या आधी त्रास किती होता तेही बघावं लागतं. फरक दोघांमधला मोजायचा असतो ना.

सायक्लोपेंटाडाइन हे अजून एक. नुसता हायड्रोकार्बन, ऑक्सिजन नाही नायट्रोजन नाही, आणि पीकेए १६, इथेनॉलच्या बरोबरीने. प्रोटॉन गेला की रिंगमध्ये सहा π (पाय), म्हणजे रिंगभर पसरलेले, इलेक्ट्रॉन होतात, अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे खास स्थिर. त्याचाच मोठा भाऊ सायक्लोहेप्टाट्राइन, रेझोनन्सच्या आकृत्या मोजल्या तर त्याच्या सात येतात, याच्या पाच, तरी मोठा भाऊ वीस-एक युनिट वर. आठ इलेक्ट्रॉन होतात ना त्याच्यात, ते स्थैर्य मिळत नाही. आकृत्या मोजून मार्क मिळवणाऱ्यांसाठी खास.

तिसरं, जोडी कुठल्या ऑर्बिटलमध्ये (अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जागेत) बसलीय. इथेन ५०, इथिलीन ४४, अ‍ॅसिटिलीन २५. एसपी (अ‍ॅसिटिलीन) मध्ये निम्मा एस, एसपी-टू (इथिलीन) मध्ये तिसरा हिस्सा, एसपी-थ्री (इथेन) मध्ये पाव. एस जितका जास्त तितकी जोडी न्यूक्लियसच्या जवळ, तितकी सुखात. आणि याच्यामुळेच ते "आधी अणू बघा, मग रेझोनन्स, मग इंडक्शन (शेजारच्या अणूची ओढ), मग ऑर्बिटल" असं जे क्रमाने पाठ करवून घेतात ते फार जपून वापरा असं माझं मत आहे. अमोनिया आणि अ‍ॅसिटिलीन शेजारी ठेवा. अणू आधी बघितला तर नायट्रोजन जिंकायला हवा. प्रत्यक्षात अमोनिया ३८, अ‍ॅसिटिलीन २५, कार्बन तेरा युनिटने पुढे. तो क्रम म्हणजे कायदा नाही, घाईच्या वेळेला धरायची काठी आहे.

इथे माझी स्वतःची फजिती सांगायलाच हवी. एमएस्सीच्या प्रोजेक्टला प्रोपार्जिल अल्कोहोल होतं, एका टोकाला ट्रिपल बॉन्डचा, म्हणजे अल्काइनचा, सीएच आणि दुसऱ्या टोकाला ओएच. मला अल्काइनचा कार्बन बेंझोफिनोन या कीटोनवर जोडायचा होता. उणे ७८ डिग्रीचा बाथ, नायट्रोजन, सगळं कोरडं, सकाळपासूनची तयारी, आणि मी मोठ्या काळजीने बरोब्बर एक इक्विव्हॅलंट (एका रेणूमागे एक) ब्युटिल लिथियम (जबरदस्त बेस) टाकलं, मग कीटोन सोडला, रात्रभर ढवळलं. सकाळी टीएलसी (मिश्रणात काय काय आहे ते ठिपक्यांनी दाखवणारी चाचणी) काढली तर जे टाकलं होतं तेच दोन स्पॉट, नवीन काहीच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ब्युटिल लिथियम जुनं आहे म्हणून मी बाटलीला शिव्या घालत होते. गाइडनी फक्त एवढंच विचारलं, "बेस आधी कुणाकडे जाईल?" अल्काइन २५, ओएच साडेतेरा. माझा सगळाच्या सगळा बेस ओएचचा प्रोटॉन काढण्यात खर्च होत होता, अल्काइनला हातही लागत नव्हता, आणि ती निवांत अल्कॉक्साइड (ओएचचा प्रोटॉन गेल्यावर उरलेला आयन) बेंझोफिनोनचं काय वाकडं करणार! दोन इक्विव्हॅलंट टाकल्यावर पहिल्याच फटक्यात जमलं. पहिला ओएचचा जातो, दुसरा कार्बनवरचा, आणि मग कीटोन आला की उलटं, शेवटी निघालेल्या प्रोटॉनची जागा सगळ्यात आधी धावून जाते, कारण तिलाच तो चार्ज सगळ्यात जड झालेला असतो. हा प्रश्न परीक्षेत दोन मार्कांचा असतो, मला तो दोन आठवड्यांना पडला.

अजून एक खड्डा म्हणजे नायट्रोजन. टेबलमध्ये "अमोनिया ९.२" असं लिहिलेलं असतं आणि लोक ते अमोनियाचा एनएच किती अ‍ॅसिडिक म्हणून वापरतात. तो अमोनियमचा आकडा आहे, म्हणजे आधीच प्रोटॉन घेऊन प्लस झालेला. अमोनियाचा स्वतःचा ३८. एकोणतीस युनिटची चूक, आणि करणारे भलेभले असतात.

इंडक्टिव्ह इफेक्ट मी पटकन उरकते कारण तो सगळ्यांना येतो. ब्युटॅनोइक अ‍ॅसिड ४.८२, क्लोरिन चौथ्या कार्बनवर टाकला तर ४.५२, तिसऱ्यावर ४.०५, दुसऱ्यावर २.८६. जवळ आला की जोर, लांब गेला की ओसरला. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडवर एक क्लोरिन २.८६, तीन टाकले की ०.६६.

पण याचं जे कारण आपण सांगतो, "क्लोरिन इलेक्ट्रॉन ओढतो म्हणून चार्ज पसरतो म्हणून एनर्जी कमी", ते मला हल्ली तितकं सोपं वाटत नाही. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा प्रोटॉन पाण्यात सुटताना एन्थाल्पीत (उष्णतेच्या हिशोबात) जवळजवळ काहीच बदल होत नाही, शून्याच्या आसपास. म्हणजे जो काही अडसर आहे तो एन्ट्रॉपीचा, म्हणजे कणांच्या मोकळेपणाचा. दोन आयन तयार झाले की आजूबाजूचं पाणी त्यांच्याभोवती शिस्तीत उभं राहतं, मोकळेपणा जातो, त्याची ती किंमत. आणि क्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड जे जास्त स्ट्राँग आहे त्यातलाही मोठा वाटा एन्ट्रॉपीचाच, चार्ज पसरलेला असल्यामुळे पाण्याला तितकं शिस्तीत उभं राहावं लागत नाही. म्हणजे क्लोरिनचं श्रेय काढून घ्यायला नको, पण काम तो अर्धंअधिक पाण्यामार्फत करतो.

सॉल्व्हंटचं पारडं किती जड आहे ते बघायचं असेल तर सॉल्व्हंट काढूनच टाका. अल्कोहोलचा क्रम सगळ्यांना पाठ, मिथेनॉल जास्त अ‍ॅसिडिक, मग इथेनॉल, मग आयसोप्रोपिल, मग टर्शरी ब्युटिल सगळ्यात कमी, आणि कारण काय तर "मिथाइल ग्रुप इलेक्ट्रॉन देतात". मी हे उत्तर लिहून मार्क घेतलेत. १९६८ मध्ये ब्रॉमन आणि ब्लेअर यांनी हीच मंडळी गॅस फेजमध्ये मोजली, पाणी नाही, सॉल्व्हंट नाही, नुसते आयन हवेत एकटे, तर क्रम उलटा निघाला! टर्शरी ब्युटिल अल्कोहोल इथेनॉलपेक्षा अ‍ॅसिडिक, इथेनॉल मिथेनॉलपेक्षा, आणि पाणी सगळ्यात शेवटी. मोठा ग्रुप चार्जला सावरूनच घेतो, त्याचे इलेक्ट्रॉन जरा सरकून जागा करून देतात. मग द्रवात उलटं का, तर त्या जाडजूड ग्रुपमुळे सॉल्व्हंटला ऑक्सिजनपर्यंत पोचता येत नाही, हायड्रोजन बॉन्डचा आधार कमी पडतो. मिथाइल ग्रुपवर वर्षानुवर्षं आळ घेतला तो फुकटच. गॅस फेजमध्ये तर टोल्युइन (नुसता हायड्रोकार्बन) पाण्यापेक्षा जास्त अ‍ॅसिडिक आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

मधला प्रकार म्हणजे डीएमएसओ. त्याला मायनस आयनला हायड्रोजन बॉन्ड देता येत नाही, म्हणून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ४.७६ वरून १२ च्या पुढे, फिनॉल १० वरून १८, पाणी ३१ वर. ज्यांचा चार्ज एकाच छोट्या अणूवर कोंडलेला असतो त्यांचे हाल जास्त, ज्यांचा आधीच पसरलेला त्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणून एका टेबलमधला आकडा पाण्यातला आणि दुसऱ्यातला डीएमएसओमधला घेऊन तुलना करायची नाही, हे मी भाचीला दोनदा लिहिलं कारण इंटरनेटवरच्या टेबलांमध्ये सरसकट मिसळ करून ठेवलेली असते.

आणि हो, अ‍ॅसिडिक आहे म्हणजे पटकन निघतो असंही नाही. नायट्रोमिथेन १०.२ आणि फिनॉल १०, आकडे जवळजवळ सारखे, पण हायड्रॉक्साइडने प्रोटॉन काढायला गेलं तर फिनॉलचा जवळपास भेटल्या क्षणी निघतो आणि नायट्रोमिथेनचा त्याच्या कोट्यवधी पट सावकाश. कार्बनवरून निघताना अख्खी मांडामांड बदलावी लागते, बॉन्ड सरकतात, चार्ज लांब ऑक्सिजनवर जाऊन बसतो, सॉल्व्हंट तिथे जाऊन पुन्हा उभं राहतं. पीकेए फक्त शेवटी काय होणार ते सांगतो, कधी ते नाही.

बरं, व्हिटॅमिन सी. पाच जणांची रिंग, सी-१ कार्बोनिल, सी-२ आणि सी-३ मध्ये डबल बॉन्ड आणि दोघांवर एक एक ओएच, बाकीचे दोन ओएच बाहेरच्या शेपटीवर सी-५ आणि सी-६ ला. शेपटीवरचे दोन साधे अल्कोहोल, मागे चार्ज राहिला तर वाटून घ्यायला कुणी नाही, त्यांना लगेच काट मारा. उरले दोन. भाचीने सी-२ धरला होता, कारण तो कार्बोनिलच्या जवळ. वरवर बरोबर वाटतं. पण खोडून बघा. सी-२ च्या ऑक्सिजनवर मायनस ठेवा आणि बाण काढा, चार्ज सी-३ वर जातो आणि तिथेच अडकतो, सी-३ च्या पुढे कार्बोनिल नाहीये. आता सी-३ च्या ऑक्सिजनवर मायनस ठेवा, बाण सी-२ वर, आणि सी-२ ला लागून कार्बोनिल आहे, तर पुढचा बाण थेट त्याच्या ऑक्सिजनवर. चार्ज दोन ऑक्सिजनमध्ये वाटला गेला, अगदी अ‍ॅसिटेटसारखा, फक्त मध्ये एक डबल बॉन्ड घुसवून लांब ताणलेला. म्हणून कार्बॉक्झिल ग्रुप नसतानाही अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा पीकेए ४.२ च्या आसपास, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडपेक्षा स्ट्राँग. लांबचा ओएच जिंकला, जवळचा हरला, आणि बाण काढल्याशिवाय ते दिसत नाही.

एवढं सगळं पाठवल्यावर एक वाजून दहा मिनिटांनी तिचा रिप्लाय. मला वाटलं थँक्यू असेल. "मावशी मग सी-३ चा गेल्यावर दुसरा कुठला जाईल? बी मध्ये तोच विचारलाय."

सी-२ चा, ११.७ च्या आसपास. शेपटीवरच्यांपेक्षा तो तरीही बरा, पण आता मॉलिक्यूलवर आधीच एक मायनस आहे, त्यात दुसरा कोंबायचा म्हणजे सात-साडेसात युनिटचा दंड. लिहून पाठवलं आणि फोन पालथा टाकला.